सोलर दुपारी आणि एसी रात्री, इमारतींनी आता आपली वेळ बदलायला पाहिजे

संपादक साहेब, नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या पेपरात विजेच्या मागणीचा नवा उच्चांक अशी बातमी येते आणि त्याच पानावर छतावरच्या सोलरची जाहिरात असते. दोन्ही मी वाचतो, पण या दोघांच्या मधली जी गोष्ट आहे ती कुठेच छापून येत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. ती गोष्ट म्हणजे वेळ. सोलरची वीज होते दुपारी आणि आपल्या इमारती वीज मागतात सकाळी सहाला गिझरसाठी आणि रात्री दहाला एसीसाठी. पॅनल कितीही लावा, इमारत गरम-थंड करायची वेळ तीच राहिली तर रात्रीची वीज कोळशातूनच येणार. मी नागपुरात एका मोठ्या इमारतीचा चिलर प्लांट, म्हणजे पाणी थंड करून अख्खी इमारत गार ठेवणारी यंत्रणा सांभाळतो, बरीच वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे हे सगळं मीटरवर रोज दिसतं आणि दिसतं म्हणूनच गप्प बसवत नाही.

आधी नेट मीटरिंगचं बोलू कारण सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मधे आली, ३ किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी मिळते, आमच्या नागपुरात गल्लोगल्ली पॅनल दिसायला लागले आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण लोक म्हणतात आमचं बिल झिरो आलं म्हणजे आमचं घर सोलरवर चालतं, तसं नाहीये ते. दुपारी घरात कोणी नसतं तेव्हा तुमची वीज ग्रीडमधे, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक वीजजाळ्यात जाते आणि रात्री तुम्ही तेवढीच वीज ग्रीडमधून परत घेता, हिशोब जुळतो, पण रात्री जी वीज आली ती तुमच्या पॅनलची नव्हे. ती कोराडीची आहे, खापरखेड्याची आहे, चंद्रपूरची आहे, ही सगळी कोळशाची केंद्रं, आणि थोडी कोयनेच्या जलविद्युतची आहे. कोयनेचं पाणीसुद्धा अमर्याद नाही, वीज करून पश्चिमेकडे किती सोडायचं ते कृष्णा पाणीवाटप लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसी असं बांधून दिलंय आणि तेवढ्या पाण्यात वर्षभराची संध्याकाळची गर्दी भागवायची असते.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो जी बिलावर कधीच दिसत नाही. औष्णिक केंद्राचा संच पंख्याच्या बटनासारखा दुपारी बंद आणि संध्याकाळी चालू असा करता येत नाही, बॉयलर थंड झाला की परत वर यायला कित्येक तास लागतात. म्हणून काय करतात तर दुपारी सोलर भरपूर असताना कोळशाचे संच ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणतात पण चालूच ठेवतात, कारण संध्याकाळी सूर्य गेला की तेच वर न्यायचे असतात. म्हणजे संध्याकाळची मागणी जितकी मोठी तितके जास्त संच दुपारी जिवंत ठेवावे लागतात आणि ते जिवंत ठेवले की दुपारी सोलरला तेवढी जागा कमी. राजस्थानात मोठ्या सोलर प्रकल्पांना वीज तयार असून कमी करायला सांगतात हे आपण वाचतो, तिथे लाईन अपुऱ्या आहेत हे मोठं कारण आहेच, पण दुपारी वीज जास्त आणि संध्याकाळी कमी हा ताण सगळीकडेच वाढत चाललाय. तर मंडळी, रात्री साडेनऊला चालू झालेला तुमचा एसी फक्त रात्रीचा कोळसा जाळत नाही, तो दुसऱ्या दिवशी दुपारच्या सोलरची जागाही अडवतो.

आम्हा नागपूरकरांना हे जास्त लागतं कारण कोळसा आमच्या दारात जळतो. कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, बाजूला खापरखेडा १३४० मेगावॅट, आणि कोराडीतच ६६० चे आणखी दोन संच आणायचे म्हणून मे २०२३ मधे भर उन्हाळ्यात जनसुनावणी झाली. जुलै २०२२ ला खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून राखेचं पाणी गावात आणि शेतात शिरलं ते इथल्या लोकांच्या अजून लक्षात आहे. नवे संच कशासाठी तर वाढती मागणी म्हणून, आणि वाढती मागणी कुठली तर मोठा भाग संध्याकाळ ते मध्यरात्र थंडाव्याची. ही मागणी हलवता येते, बरीचशी हलवता येते, आणि हे मी कुठला रिपोर्ट वाचून नाही तर प्लांट चालवून सांगतोय.

शेतकऱ्यांकडे बघा. वर्षानुवर्षं त्यांना रात्रीची वीज मिळायची, अंधारात पंप चालू करायला जायचं, साप विंचू बिबट्या सगळं सोसायचं, दिवसा वीज द्या म्हणून किती आंदोलनं झाली. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधे १६ हजार मेगावॅट सोलर शेतीच्या फीडरवर आणायचं ठरलंय आणि जिथे ते झालंय तिथे पंप दिवसा चालतात. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात कमी साधनं आहेत त्याचा लोड आपण उन्हात आणला. मग शहरात जिथे ऑटोमेशन आहे, इंजिनिअर आहेत, पैसा आहे, त्या इमारतींचा लोड उन्हात आणायला काय हरकत आहे? पंपात आणि एसीत एक मोठं साम्य आहे, दोघांनाही वीज ज्या क्षणी मिळेल त्याच क्षणी फायदा व्हायला पाहिजे असं नसतं. पाणी टाकीत साठतं तशी उष्णता आणि थंडीपण साठवता येते. टीव्ही आणि लाईटचं तसं नाही, ते पाहिजे तेव्हाच पाहिजे. म्हणून हलवायचंच असेल तर गरम पाणी आणि थंड हवा हेच हलवायला सगळ्यात सोपं.

गरम पाण्यापासून सुरू करतो कारण तिथे वाद घालायला फार जागा नाही. १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण ३ युनिट लागतात, यात कुठलाही गिझर चमत्कार करू शकत नाही, ते भौतिकशास्त्र आहे. नागपुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडी असते, १०० फ्लॅटची सोसायटी धरा, सकाळी सहा ते आठमधे ३०० युनिट गेले, आणि थंडीत सातपर्यंत उन्हाला जोर नसतो म्हणजे हे ३०० युनिट जवळजवळ सगळे कोळशाचे. हेच पाणी हीट पंपनं तापवलं, हीट पंप म्हणजे उलटा एसी, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो, तर साधारण तिसरा हिस्सा वीज लागते म्हणजे १०० युनिट. आणि तो हीट पंप दुपारी बारा ते चार चालवला तर हवा पण गरम असते म्हणून तो आणखी चांगला चालतो आणि वीज सरळ छतावरच्या पॅनलची. चांगला पफ म्हणजे उष्णता धरणारा फोम लावलेल्या टाकीत ते पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आरामात गरम राहतं. वैयक्तिक गिझर असेल तरी टायमरचा एक सॉकेट लावून दुपारी तापवून ठेवता येतं, मात्र टाकीचं इन्सुलेशन चांगलं पाहिजे आणि २५ लिटरच्या वर असेल तरच त्याला अर्थ आहे, ३ लिटरच्या इन्स्टंटला साठवायला काही नसतंच.

सोलर वॉटर हीटरचं काय असं कोणी विचारेल. फारच चांगली गोष्ट, वीज लागतच नाही, पण आमच्याकडे बोअरचं पाणी जड, ट्यूबमधे क्षार बसतात, वर्षातून एकदा साफ करायला लागतं आणि ते कोणी करत नाही. बिल्डर ऑक्युपन्सी सर्टिफिकेट मिळेपर्यंत हीटर लावून देतो, दोन-तीन वर्षांत अर्ध्या ट्यूब फुटतात, मग सोसायटीच्या मीटिंगमधे खर्च कोणी करायचा यावर भांडण आणि सगळे परत गिझरवर. अशा किती गच्च्या मी पाहिल्या. परवानगी देताना लावलाय का हे बघतात तसं पाच वर्षांनी चालू आहे का हे बघायला कोणीतरी पाहिजे, पुणे महापालिका सोलर बसवणाऱ्याला मालमत्ता करात सवलत देते, तशी सवलत सगळीकडे द्या पण ती हीटर चालू असल्याचं दरवर्षी दाखवल्यावरच द्या.

आता थंडाव्याकडे येतो आणि इथे मला थोडा वेळ लागणार आहे. रात्री एसी लावावा का लागतो? बाहेरची हवा गरम असते हे एक, पण आपल्याकडे त्याहून मोठं कारण डोक्यावरचा स्लॅब आहे. पाच इंची काँक्रीटचा १००० स्क्वेअर फुटांचा स्लॅब एक अंशानं तापला की त्यात साधारण ७ युनिट उष्णता साठते, आणि मे महिन्यात तो काही एक अंशानं तापत नाही. दुपारी एक-दोनला वरच्या बाजूनं आत घुसलेलं ऊन खालच्या बाजूनं चार-पाच तासांनी बाहेर पडतं. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या माणसाला सगळ्यात जास्त गरम होतं ते संध्याकाळी सात ते रात्री अकरा, बरोबर त्याच वेळेला जेव्हा सोलर झोपलेलं असतं. पश्चिमेच्या भिंतीचं पण हेच. विटेची जाड भिंत हे ऊन बराच वेळ थोपवून धरते पण आता चार इंची भिंती आणि काच आली, त्यातून ऊन लगेच आत येतं आणि थांबतही नाही.

म्हणून छत पांढरं करणं ही मला सगळ्यात मोठी सोलर योजना वाटते, कोणी हसू नका. पांढऱ्या छतानं दुपारचं ऊन परत पाठवलं की रात्रीचा एसीचा लोड कमी होतो, म्हणजे सूर्य नसतानाची मागणीच जन्माला येत नाही, साठवण्याचा प्रश्नच मिटला. चुना, व्हाइट सिमेंट, चायना मोझॅक, कूल रूफचा पेंट, ज्याला जे परवडेल ते. पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला तर याचा सगळ्यात जास्त फायदा आणि त्याच्याकडे एसी पण नसतो, त्याला निदान झोप मिळेल. तेलंगणानं २०२३ मधे कूल रूफचं धोरण काढलं, ठराविक मोठ्या आणि सरकारी इमारतींना ते सक्तीचं केलं. आमचं नागपूर २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांवर गेलं होतं, हैदराबादपेक्षा आम्हाला याची गरज कमी आहे असं कोणी म्हणू शकेल का. सोलर पॅनल लावताना पण स्ट्रक्चर थोडं उंच घेतलं आणि खालून हवा खेळती राहिली तर पॅनलची सावली स्लॅबवर पडते, एका दगडात दोन पक्षी. किलोवॅटला साधारण १०० स्क्वेअर फूट लागतात म्हणजे ३ किलोवॅटमधे ३०० फूट स्लॅब सावलीत आला.

मोठ्या इमारतींचं गणित वेगळं आहे. ऑफिस, मॉल, हॉस्पिटल, कॉलेज, यांच्याकडे सेंट्रल प्लांट असतो, चिलर पाणी थंड करतो, ते पाणी एएचयूत म्हणजे हवा थंड करणाऱ्या मोठ्या पेटीत जातं, एएचयू हवा थंड करून डक्टमधून सोडतो. इथे मधे पाणी आहे, आणि पाणी साठवता येतं. एक लाख लिटर पाणी ७ अंशांनी थंड करून टाकीत ठेवलं तर सुमारे २३० टन-तास थंडावा साठतो, म्हणजे १०० टनाचा लोड दोन तासांच्या वर चिलर बंद ठेवून ओढता येतो. बर्फ केला तर तेवढ्याच जागेत कितीतरी पट साठतं पण बर्फासाठी चिलर शून्याच्या खाली चालवावा लागतो आणि तो जास्त वीज खातो, म्हणून जागा असेल तिथे साधी पाण्याची टाकीच बरी असं माझं मत. दुपारी दोन ते पाच चिलर जोरात चालवा, टाकी भरा, पाचनंतर चिलर खाली आणा आणि टाकीवर चालवा.

टाकी नसेल तरी इमारत स्वतः टाकी आहेच. दुपारी तीननंतर सेट पॉइंट म्हणजे ठरवून दिलेलं तापमान २४ वरून २३ वर आणायचं, फर्निचर भिंती स्लॅब सगळं थोडं थंड होतं, मग पाचला सेट पॉइंट २६ करायचा, चिलर जवळपास आराम करतो आणि सात वाजेपर्यंत आत कोणाला काही कळत नाही. पंखा चालू असला तर २६ ला माणूस आरामात बसतो. बीईई ही केंद्राची ऊर्जा बचतीची संस्था सांगते एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते आणि २०२० पासून नवीन रूम एसी २४ च्या डिफॉल्टवर येतात, ते बरोबरच आहे, पण दिवसभर एकच आकडा धरून बसण्यापेक्षा उन्हात थोडं खाली आणि संध्याकाळी बरंचसं वर असं चालवलं तर सोलर जास्त वापरलं जातं. मॅनेजमेंटला मात्र फक्त एकूण युनिट दिसतात, दुपारी युनिट वाढले की विचारतात हे काय केलं. त्यांना समजावून सांगायला लागतं की तो दुपारचा युनिट आणि संध्याकाळचा युनिट एक नाही, भावातही नाही आणि धुरातही नाही.

भावाचं पण सांगतो कारण इथे गेल्या काही काळात सगळं उलटं झालंय आणि पुष्कळ प्लांट अजून जुन्याच सवयीनं चालतात. पूर्वी टीओडीमधे, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदरात, रात्री दहा ते सकाळी सहा युनिटला दीड रुपया सूट होती आणि सकाळी नऊ ते बारा आणि संध्याकाळी सहा ते दहा जास्तीचा दर. तेव्हा शहाणपण कशात होतं तर रात्री बर्फ करून ठेवण्यात. आता सूट सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच आली आणि महाग झाली संध्याकाळ. ज्यांच्या बीएमएसमधे, म्हणजे इमारत चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधे, अजून जुनं शेड्यूल टाकलेलं आहे ते रात्री कोळशावर थंडी साठवतात आणि दुपारी सोलर असताना चिलर बंद ठेवतात. प्रत्येक फॅसिलिटी मॅनेजरनं आपल्या ऑपरेटरला बोलावून हे शेड्यूल या आठवड्यातच बघावं अशी माझी हात जोडून विनंती आहे, यात एक रुपयाचं भांडवल लागत नाही.

घरगुती ग्राहकालाही १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असेल तर नऊ ते पाचमधल्या वापरावर सूट सुरू झाली, ८० पैशांपासून. स्मार्ट मीटरवरून लोकांचा राग आहे तो मला माहितीये आणि त्यातल्या काही शंका खऱ्याही आहेत, त्यांची उत्तरं महावितरणनं नीट द्यायला पाहिजेत. पण दिवसा वीज स्वस्त हे तत्त्व चांगलं आहे आणि ते लोकांपर्यंत पोचलेलंच नाही. आमच्या सोसायटीत विचारा, दहातल्या आठ जणांना कोणत्या वेळेला सूट आहे सांगता येणार नाही. बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापून काय होणार, गिझरवर चिकटवायचं एक स्टिकर घरोघरी द्या.

आता प्रामाणिकपणे हेही सांगायला पाहिजे की घरातल्या बेडरूमचा एसी दुपारी चालवून रात्री अकरापर्यंत थंडी टिकणार नाही. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, पश्चिमेच्या खिडकीसमोर तर अजिबात नाही. काही लोक इंटरनेटवर बघून रिकाम्या घरात दुपारी एसी लावून ठेवतात, त्यानं वीज वाया जाते. क्रम असा पाहिजे, आधी ऊन बाहेर अडवा, म्हणजे छत पांढरं, खिडकीला बाहेरून सावली, आतून पडदा लावून फार होत नाही कारण ऊन काचेतून आत आलं की आलं. ते झाल्यावर मग संध्याकाळी चार-साडेचारला घर थोडं थंड करून ठेवलं तर सात-आठपर्यंत पंख्यावर भागतं. घरात म्हातारं माणूस किंवा लहान बाळ असेल तर त्यांनी हा विचारच करू नये, नवतप्यात म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत त्यांना पाहिजे तेव्हा एसी लावा.

आणि आमच्या विदर्भात एसीच्या आधी कूलर आहे हे विसरू नका. एप्रिल-मेमधे हवा इतकी कोरडी असते की २०० वॅटचा डेझर्ट कूलर जे काम करतो त्याला दीड टनाचा एसी दीड किलोवॅट खातो. वाळ्याच्या ताट्या लावून पाणी मारलेल्या घरात आमच्या आधीच्या पिढ्या राहिल्याच ना. पण नवीन फ्लॅटमधे कूलर ठेवायला जागाच देत नाहीत, एकच बाल्कनी ती पण बंद केलेली, क्रॉस व्हेंटिलेशन नाही, मग कूलर लावला की घर दमट होतं आणि माणूस एसी घेतो. आर्किटेक्टनी प्लॅनमधे कूलरसाठी खिडकी आणि नळ काढून दिला तर मे महिन्यातला अर्धा लोड इथेच वाचतो. जूनच्या पावसानंतर कूलर कामाचा नाही, तेव्हा एसी लागतो, मान्य, पण तेव्हा स्लॅबही तसा तापत नाही.

प्रत्येक गावाचं उत्तर वेगळं आहे हे सरकारच्या परिपत्रकात कधी दिसत नाही. पुण्यात एप्रिलमधेही रात्र बरीच थंड होते, तिथल्या ऑफिसांनी पहाटे एएचयूचे डॅम्पर म्हणजे हवेच्या झडपा उघडून बाहेरची हवा आत घेतली तर सकाळचे दोन तास चिलर लागणारच नाही. मुंबईत आणि कोकणात हे जमणार नाही, तिथे त्रास घामाचा आहे, बाहेरची हवा घेतली की ओल आत आली, तिथे दुपारच्या सोलरवर आधी हवेतलं पाणी काढायला पाहिजे आणि दारं बंद ठेवायला पाहिजेत. हैदराबादला इन्फोसिसच्या एका इमारतीत अर्धा भाग नेहमीच्या एसीवर आणि अर्धा भाग स्लॅबमधल्या पाइपातून थंड पाणी फिरवून ठेवला होता, स्लॅबवाल्या भागाला वीज बरीच कमी लागली. ती पद्धत सोलरला चांगली जुळते कारण स्लॅबच थंडी धरून ठेवतो, पण ऑगस्टच्या दमटपणात स्लॅबला घाम फुटू नये म्हणून हवा वेगळी कोरडी करावी लागते, ते काम चोख झालं नाही तर छतातून पाणी टपकेल.

नियम नाहीत असं नाही. व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन कोड २०१७ चा आहे, त्यात काचेचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर नको असं आहे, घरांसाठी २०१८ ची इको निवास संहिता आहे, भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याचा आकडा त्यात दिलाय. आमच्या वर्धा रोडवर पश्चिमेला तोंड करून नखशिखांत काचेच्या इमारती उभ्या राहतायत, त्या कोणत्या हिशोबात बसल्या ते नगररचना विभागानं लोकांना दाखवावं. एकदा काच लागली की पुढची चाळीस वर्षं ती संध्याकाळी चारचं ऊन आत घेणार आणि ते बाहेर काढायला पाचनंतरची महाग वीज लागणार. चिलर बदलता येतो, शेड्यूल एका दिवसात बदलतं, भिंत बदलत नाही. म्हणून प्लॅन पास होतानाच धरायला पाहिजे.

नागपूरच्या कळमना बाजाराच्या आजूबाजूच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांनाही एक सांगणं आहे. मिरची असो नाहीतर इतर माल, हजारो पोती स्वतःच थंडी धरून ठेवतात, दार उघडलं नाही तर दोन-चार तासात तापमान फारसं हलत नाही. छत मोठं, माल जड, दिवसा सोलरवर एक-दोन अंश खाली आणून ठेवायचं आणि संध्याकाळी पाच ते दहा कॉम्प्रेसर शक्य तितका बंद, मालाला चालेल तेवढ्याच मर्यादेत. यासाठी यांच्याइतकी सोयीची इमारत शहरात दुसरी नाही.

सरकारकडे माझं मागणं थोडकं आहे. सूर्यघरच्या सबसिडीसोबत छत पांढरं करायलाही पैसे द्या, पॅनलच्या मानानं तो खर्च किरकोळ आहे. सोसायटीच्या हीट पंपला आणि थंड पाण्याच्या टाकीला बॅटरीसारखंच साठवणूक म्हणून धरा, आज बॅटरीच्या टेंडरची चर्चा होते पण पाण्याच्या टाकीला कोणी साठवण म्हणतच नाही आणि तिला लिथियम लागत नाही, ती आपल्याच गावचा फॅब्रिकेटर बनवतो. आणि सरकारी इमारती आधी करा, जिल्हाधिकारी कार्यालयं, झेडपी, मेडिकल कॉलेजं, विद्यापीठं, यांचं सगळं काम दिवसाच असतं, सोलरवर चालायला यांच्याइतकं सोपं कोण.

आणि संपादक साहेब, आपल्याकडे एक विनंती. पेपरात रोज कमाल आणि किमान तापमान छापता तसं उन्हाळ्यात दोन आकडे अजून छापा, काल दुपारी दोनला राज्याची मागणी किती होती आणि त्यात सोलर किती, आणि काल रात्री दहाला मागणी किती आणि त्यात कोळसा किती. राज्याची वीज सांभाळणाऱ्या लोड डिस्पॅच सेंटरकडे हे आकडे रोजचे असतात. चौकट छोटी असली तरी चालेल, पहिल्या पानावर नसली तरी चालेल, पण रोज आली पाहिजे.

आपला,
एक नियमित वाचक, नागपूर